सात बटणं

भाचीला पहिली नोकरी लागली आणि ती कडाक्याच्या थंडीच्या शहरात राहायला गेली. निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "मावशी, बॅगेत एकाच गरम कपड्याची जागा उरलीय. काय घेऊ?"

मला विचार करावा लागला नाही. "कार्डिगन घे. बारीक विणीचं, गोल गळ्याचं, राखाडी."

"म्हणजे तेच ऑफिसात, तेच लग्नात आणि तेच घरी?"

"हो, तेच."

ती गप्प झाली. तिला पटलं नव्हतं हे फोनवरही कळत होतं. बॅग उघडी पडलेली, गाडीची वेळ ठरलेली, त्यामुळे मीही फार ताणलं नाही. पण तिला जे सांगायचं राहिलं ते इतके दिवस मनात घोळतंय. अकरा वर्षं मी एकच कार्डिगन, म्हणजे पुढून बटणं असलेला स्वेटर, घालते आहे, आणि ते काटकसर म्हणून नव्हे. मला ते मनापासून आवडतं, आणि ज्या ज्या ठिकाणी ते घालून गेले तिथे ते शोभलं.

आधी त्याचं वर्णन करते. पावसाळी ढगाचा असतो तसा मध्यम राखाडी रंग. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर, हाताला गार आणि गुळगुळीत लागणारी. लांबी कमरेच्या हाडापर्यंत, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पुढे सात बटणं. त्यातली सहा शिंपल्याची, मूळची. वरून पाचवं वेगळं आहे, किंचित मोठं आणि किंचित पिवळट. त्याची गोष्ट पुढे येईल.

स्वेटर पुष्कळ प्रकारचे असतात, मग कार्डिगनच का? साधा स्वेटर डोक्यातून घातला की विषय संपतो. तो जसा आहे तसाच दिवसभर अंगावर राहतो, फार तर काढून ठेवता येतो. कार्डिगनला मात्र पुढून एक उभी फट असते, आणि ती किती मिटायची, किती उघडी ठेवायची हे आपण ठरवतो. सगळी बटणं लावली की तो अंगाबरोबरचा बंद कपडा होतो. सगळी सोडली की आतल्या कपड्याची नुसती चौकट उरते. वरची तीन लावून खालची सोडली की कमर वेगळी दिसते, आणि मधली दोनच लावली तर आणखी वेगळी. कपडा बदलत नाही, पण समोरच्याला दिसणारी बाई बदलते. स्टायलिंग हा शब्द मी नंतर ऐकला. बटणांची ही गंमत त्याआधीच कळली होती.

या कपड्याच्या नावामागे एक लढाई आहे. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा इथे ब्रिटिश घोडदळाच्या एका तुकडीने तोफांवर सरळ चाल केली आणि त्यात अतोनात माणसं गेली. त्या तुकडीचा सेनापती कार्डिगनचा सातवा अर्ल (अर्ल ही ब्रिटिश सरदारकीची पदवी) होता. त्याच्या नावावरून विणलेल्या जाकिटाला कार्डिगन म्हणू लागले. तिथल्या ब्रिटिश फौजेचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन. त्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला उजवा हात गमावला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण येणाऱ्या बाहीला आजही रॅगलन म्हणतात, ती त्याच्यावरूनच. आणि आपण जिला माकडटोपी म्हणतो तिचं इंग्रजी नाव बालाक्लावा. थंडीच्या कपाटातली तीन नावं एकाच रणांगणातून आली. त्या दिवशी जे परतले नाहीत त्यांची आठवण ठेवायला आता हेच शब्द उरले आहेत असं मला कधी कधी बटणं लावताना वाटतं.

माझं कार्डिगन मी एका मुलाखतीसाठी घेतलं. ब्लेझर घालून पाहिला होता, पण त्यात मी दुसऱ्याच कुणाचा तरी आत्मविश्वास अंगावर घेऊन बसल्यासारखी वाटत होते. दुकानातल्या आरशासमोर पांढऱ्या शर्टावर हे घातलं, कॉलर आत ठेवली, वरचं बटण लावलं आणि खांदे आपोआप सरळ झाले. ते मला अजून आठवतं.

मुलाखतीसाठी किंवा कामाच्या ठिकाणी घालताना मी सगळी बटणं लावते, फक्त शेवटचं सोडते. खुर्चीत बसलं की विणलेला कपडा मांड्यांवर गोळा होतो आणि शेवटचं बटण लावलेलं असेल तर पोटावर आडव्या सुरकुत्या ओढल्या जातात. ते सोडलं की खालच्या दोन कडा बाजूला सरकतात आणि पुढचा भाग सपाट राहतो. शर्टाचा कफ बाहीच्या बाहेर अर्धा इंच दिसू द्यायचा. आणि विकत घेताना एक गोष्ट जरूर पाहायची: बटणपट्टीच्या आतल्या बाजूला कापडी फीत शिवलेली आहे का. वीण ताणली जाते, फीत ताणली जात नाही. फीत नसेल तर काही महिन्यांत पट्टी लाटांसारखी वळते आणि दोन बटणांच्या मध्ये तोंड उघडल्यासारखी फट पडते. कामाच्या जागी घालायच्या कार्डिगनमध्ये मला रंगाहून ही फीत महत्त्वाची वाटते.

वीण बारीक हवी, हे मी भाचीला सांगितलं त्यालाही कारण आहे. यंत्रावर एका इंचात किती सुया यावर वीण ठरते आणि त्याला गेज म्हणतात. बारा गेजचं कार्डिगन शर्टासारखं पातळ असतं. पाच गेजचं जाडजूड, दोरखंडासारख्या नक्षीचं, दिसायला फार देखणं. पण जाड विणीवर कोट चढत नाही, चढला तर बाह्या आत गोळा होतात आणि माणूस उगाच फुगलेला दिसतो. पातळ कार्डिगन कोटाखाली नाहीसं होतं, कोट काढला की पुन्हा हजर. खऱ्या थंडीत दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त कामाचे ठरतात, कारण ऊब धरून ठेवते ती थरांच्या मध्ये आणि धाग्यांच्या मध्ये अडकलेली हवा. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, त्यामुळे त्याच्या आसपास हवा छान अडकून राहते.

कामाच्या जागेचा विषय निघालाय तर अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरण सांगितलंच पाहिजे. अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर दोन आठवड्यांत, २ फेब्रुवारी १९७७ रोजी, ते टीव्हीवरून देशाशी बोलले. ऊर्जेची टंचाई होती. घरातलं तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइट आणि रात्री ५५ वर ठेवा, असं त्यांना लोकांना सांगायचं होतं. म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण १८ आणि १३. त्या भाषणाला ते कोट घालून बसले नाहीत. शर्ट, टाय आणि वर कार्डिगन. घर जरा गार ठेवा असं सांगणारा माणूस स्वतः स्वेटर घालून बसलाय, यात मला फार सच्चेपणा दिसतो. जे सांगायचं ते अंगावरच होतं. टाय तसाच ठेवला म्हणून पदाचा मान राहिला, आणि कार्डिगनमुळे तो माणूस आपल्यासारखाच घरात बसलेला वाटला. प्रसंग नीट ओळखून केलेला पोशाख म्हटलं की मला पहिलं तेच चित्र आठवतं.

आता समारंभ. इथेच सगळे कचरतात. भरजरी कपड्यावर स्वेटर घातला की सगळी शोभा गेली असं वाटतं, आणि मग बायका कुडकुडत फोटो काढून घेतात. माझा अनुभव असा की साध्या विणीचं, बिनानक्षीचं राखाडी कार्डिगन रेशमाशेजारी फार सुंदर दिसतं. एक चकाकतं, दुसरं प्रकाश पिऊन टाकतं, त्यामुळे रेशीम आणखी उठून दिसतं. लांब सॅटिनच्या स्कर्टवर मी ते ब्लाउजसारखं घालते. सगळी बटणं बंद, खालची कड स्कर्टच्या आत, आत एक पातळ बनियन. गळ्यात काही नाही, कानात मात्र मोठं काहीतरी. कुणाच्या लक्षातही येत नाही की हे तेच सोमवारचं कार्डिगन आहे.

साडीवर घालायचं तर खरा प्रश्न पदराचा. पदर आत घेतला तर खांद्यावर निऱ्यांचं गाठोडं होतं आणि साडीचा सगळ्यात देखणा भाग झाकला जातो. मी आधी कार्डिगन घालते, खालची तीन बटणं सोडते आणि पदर वरून घेते. पिन लावायची ती धाग्यात खुपसून नाही, टाक्यांच्या मधल्या जागेतून. आणि पिनेखाली आतल्या बाजूने बोटभर कापडाचा तुकडा ठेवायचा. पदराचं वजन विणीवर एकाच जागी आलं की तिथे घर ओढलं जातं, आणि एकदा ओढलं गेलेलं घर पूर्ववत होत नाही. ब्रोचलाही हाच नियम. जड ब्रोच नुसता विणीवर लावला की तो मान टाकून लोंबतो. आत कापड दिलं की ताठ बसतो.

काळं का नको, असं पुष्कळ जणी विचारतात. काळं मीही वापरून पाहिलं. दोन काळे कपडे एकमेकांना क्वचितच जुळतात. एक निळसर निघतो, एक तांबूस, आणि उजेडात दोघांची तफावत दिसते. शिवाय काळ्यावर प्रत्येक तंतू, प्रत्येक केस उठून दिसतो. राखाडी रंग कुणाशी जुळायचा हट्टच धरत नाही. तो पांढऱ्याशेजारी गडद वाटतो, काळ्याशेजारी फिकट, आणि लाल-पिवळ्याच्या शेजारी बाजूला सरून उभा राहतो.

घरी मात्र सगळी बटणं सोडलेली. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ लहान मुलांसाठी टीव्हीवर कार्यक्रम करत. त्यांचा कार्यक्रम १९६८ मध्ये देशभर सुरू झाला आणि २००१ पर्यंत नवे भाग येत राहिले. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ते दारातून आत येत, कोट काढून ठेवत, चेनचं कार्डिगन घालत आणि चेन वर ओढत. पायातले बूटही बदलत. त्यातली पुष्कळ कार्डिगनं त्यांच्या आईने विणलेली होती. त्यातलं एक लाल कार्डिगन १९८४ पासून वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मी ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. बाहेरचा माणूस बाहेर ठेवून, आता मी फक्त तुमच्यासाठी आहे, हे त्यांनी नुसत्या कपडे बदलण्यातून मुलांना सांगितलं होतं. तेव्हापासून घरी आल्यावर मीही घाई करत नाही. बाहेर लावलेली बटणं एक एक करून सोडते. बाह्या कोपरापर्यंत ढकलत नाही, कारण त्याने कफाची वीण सैल पडते. दोन घड्या घालते, तेवढं पुरतं.

पाचव्या बटणाची गोष्ट इथेच सांगते.

चार वर्षांपूर्वी बाबा रुग्णालयात होते, सोळा दिवस. रात्रीची पाळी माझी. वॉर्डात एसीचा गारठा, आणि औषधासाठी, रिपोर्टसाठी जिने चढून-उतरून आले की अंग तापलेलं. दर तासाला काढ-घाल चालायची. डोक्यातून घालायचा स्वेटर असता तर हात वर करावे लागले असते, खुर्ची करकरली असती आणि बाबा जागे झाले असते. कार्डिगन बसल्या बसल्या खांद्यावरून सरकवता येत होतं. पहाटे तीनच्या सुमारास मी ते उलटं घालायची, म्हणजे उघडी बाजू पाठीकडे आणि पाठ छातीवर, दोन्ही हात बाह्यांमध्ये. खुर्चीत पाठ टेकून बसणाऱ्याला याहून चांगलं पांघरूण नाही. खाली घसरत नाही आणि हात मोकळे राहतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. जिने चढल्याचा घाम अंगावर गार पडत नव्हता त्याचं कारण हे, आणि ते मला नंतर कळलं. त्या रात्रींत एवढंच जाणवायचं की या कपड्यात मला बरं वाटतंय.

बाबांना झोपेत काहीतरी हातात धरायची सवय लागली होती. मी पलंगाजवळ वाकून बसले की त्यांची बोटं माझ्या कार्डिगनच्या कडेशी यायची आणि एकच बटण गोल गोल फिरवत राहायची. पाचवं. कारण त्या उंचीवर त्यांचा हात पोचायचा. मला दोऱ्याचा पीळ वाढताना दिसत होता. मी त्यांचा हात बाजूला केला नाही. बाराव्या की तेराव्या रात्री दोरा तुटला, बटण फरशीवर टकटकत गेलं आणि सापडलं नाही. सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींनीही पलंगाखाली पाहिलं.

बाबा बरे होऊन घरी आले. बटण मी नंतर माझ्याच डब्यातलं लावलं, सगळ्यात जवळचं मिळालं ते. ते काजापेक्षा थोडं मोठं आहे. वरून चार बटणं लागतात भराभर, पाचव्यापाशी हात थांबतो. काज जरा रुंद करून ते तिरकं आत घालावं लागतं. शिंपल्याचं तसंच बटण शोधून आणायचं एकदा मनात आलं होतं. आणलं नाही.

शोकाच्या ठिकाणी जाताना मी सातही बटणं लावते. हा एकच प्रसंग जिथे शेवटचंही सोडत नाही. बाह्या पूर्ण खाली, अंगावर चमकणारं काही नाही. एका मैत्रिणीची आई गेली तेव्हा तशी गेले होते. ती बिलगली तेव्हा तिचा गाल माझ्या खांद्यावर होता आणि बराच वेळ तिथेच होता. लोकर मऊ होती, टोचत नव्हती, एवढीच माझी मदत. टोचणारी लोकर का टोचते हेही सांगते: तंतू जाड असेल, साधारण तीस मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर त्याची टोकं कातडीला टोचतात. बारीक मेरिनोचे तंतू वीस मायक्रॉनच्या आतले असतात, ते कातडीला टेकले की वाकतात. म्हणून विकत घेताना हाताने पाहू नये, गळ्याला आणि गालाला लावून पाहावं. हातांना कळत नाही.

प्रवासात ते उशी होतं, मफलर होतं, खांद्यावर बाह्यांची गाठ मारून शाल होतं. त्यावर जास्त लिहीत नाही. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ते आपोआप सुचतं.

भाचीने शेवटी कार्डिगन नेलं. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, ऑफिसच्या जिन्यातला. निळा शर्ट, राखाडी कार्डिगन, झाडून सगळी बटणं लावलेली, खाली पोटावर दोन आडव्या सुरकुत्या. मी लिहिलं, "छान दिसतेस गं. शेवटचं सोड." दोन मिनिटांनी दुसरा फोटो आला. तिने वरचंही सोडलं होतं, कॉलर बाहेर काढली होती आणि बाह्यांना घड्या घातल्या होत्या. तिचं तिला कळायला लागलंय.

आज मी माझं कार्डिगन धुतलं. मोसम संपला की धुतल्याशिवाय ठेवत नाही, कारण कसरीची अळी लोकर खाते आणि घामाचे, जेवणाचे डाग असलेली जागा तिला आधी सापडते. उडणारा पतंग खात नाही, खाते ती अळी. गार पाण्यात, सौम्य साबणात बुडवून ठेवलं, चोळलं नाही. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो, घट्ट होतो, आणि मग सुटत नाही. पिळायचंही नाही. मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून हातांनी दाबलं. काखेखालचे गोळे आधीच कंगव्याने काढले होते.

आता ते जमिनीवर, कोरड्या टॉवेलवर पसरलं आहे. दोरीवर टाकलं असतं तर ओल्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या असत्या. बटणं लावली, पट्टी बोटांनी सरळ केली, बाह्या जरा दुमडून ठेवल्या. डाव्या कोपराशी वीण इतकी विरली आहे की खालच्या टॉवेलचा हिरवा पट्टा तिच्यातून दिसतो. रफूचा धागा आणून ठेवलाय. अगदी त्याच छटेचा नाही मिळाला, एक पाऊण छटा गडद आहे. पंखा लावलाय तरी वाळायला दोन दिवस लागतील. रफू त्यानंतर.